अर्जुनसालीला केलेले प्रश्न

दादरला काष्ठौषधींच्या दुकानात अर्जुनसाल मागितली की दुकानदार विचारतो, "हार्टसाठी ना?" पुढचं दुधात उकळून क्षीरपाक करण्याचं मार्गदर्शन फुकट. पण साल लागू पडते हे ठरवायचं कसं?

प्रयोगशाळेत यासाठी जुनी युक्ती आहे. 1895 मध्ये ऑस्कर लँगेनडॉर्फ यांनी दाखवलं, की सस्तन प्राण्याचं हृदय बाहेर काढून महाधमनीतून त्याला पोषक द्रव पुरवला तर ते धडधडत राहतं. हल्ली उंदराच्या हृदयाला प्राणवायू मिसळलेलं कोमट क्षारद्रावण देतात, त्यात वनस्पतीचा अर्क सोडतात आणि ठोक्यांचा वेग, जोर मोजतात. यात एक गंमतशीर फसगत होते. वनस्पतींत पोटॅशियम भरपूर असतं आणि ते वाढलं की हृदय नुसत्या त्यानेही मंदावतं, थांबतंसुद्धा. म्हणजे तेवढंच पोटॅशियम घातलेलं साधं द्रावण देऊन पाहिल्याशिवाय श्रेय सालीला देता येत नाही.

शेवटी माणसाकडे यावंच लागतं. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या बाबतीत तेच केलं. उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांना सर्पगंधा देऊन त्यांनी रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या आणि 1949 मध्ये त्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापल्या. वैद्य सर्पगंधा आधीपासून वापरत होतेच, जगाचं लक्ष गेलं ते या आकड्यांमुळे. 1952 मध्ये तिच्या मुळातून रिसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं, 1957 मध्ये वकिलांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिनमुळे काहींना नैराश्य येतं अशाही नोंदी झाल्या. झाडातून आलं म्हणून ते निरुपद्रवी ठरलं नाही.

अर्जुनाची परीक्षा अधिक कडक झाली. दिल्लीच्या एम्समध्ये हृदय कमजोर झालेल्या 100 रुग्णांची नेहमीची औषधं चालू ठेवून काहींना सालीचा अर्क, काहींना तशीच दिसणारी खोटी औषधं 12 आठवडे दिली. कोणाला काय मिळतंय हे रुग्णांना ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. 2016 मध्ये निकाल आला: हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता अर्काने वाढली नाही.

मात्र तो पाण्यात काढलेला अर्क होता. दादरचा दुकानदार सांगतो तो दुधातला क्षीरपाक, आणि त्याची परीक्षा या चाचणीत झालेली नाही.