चिखलदरा साहेबानं ‘शोधला’?

परतवाड्याहून घाट चढताना जीपवाला हमखास सांगतो, ‘इथं नुसतं रान होतं जी, १८२३ मध्ये रॉबिन्सन साहेबानं चिखलदरा शोधला.’

साहेबाला थंड हवा मानवली, पुढे बंगले उठले, कॉफी लागली, इतपत ठीक. पण शोधला? शेजारचा गाविलगड बघा. अहमदशहा बहमनीने तो १४२५ च्या सुमारास बांधला. नाव त्याहून जुन्या गवळ्यांचं. शार्दूल दरवाजावर हत्ती धरलेला दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी अजून दिसतो. आणि १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती वेलस्लीने हाच गड नागपूरच्या भोसल्यांकडून लढून घेतला. म्हणजे ‘शोधा’च्या वीस वर्षं आधीच इंग्रज इथं तोफा घेऊन आले होते! कोरकू आदिवासी तर याच डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांना कोणी विचारलंच नाही.