हर्ट्झबर्ग यांचे रेणवीय वर्णपटविज्ञान

गेरहार्ट हर्ट्झबर्ग (२५ डिसेंबर १९०४ – ३ मार्च १९९९) हे हँबर्गमध्ये जन्मलेले कॅनडियन शास्त्रज्ञ. शिक्षण भौतिकीचे, पण १९७१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते रसायनशास्त्राचे : रेणूंची, विशेषतः मुक्त मूलकांची (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या, क्षणात नाहीशा होणाऱ्या अणुगटांची), इलेक्ट्रॉनीय संरचना आणि आकार उलगडल्याबद्दल.

रेणू फिरतो, त्यातले अणू कंप पावतात. या हालचालींची ऊर्जा ठरावीक टप्प्यांनीच बदलते आणि त्यामुळे वर्णपटात, म्हणजे तरंगलांबीनुसार पसरलेल्या प्रकाशात, रेषा उमटतात. त्या रेषांमधील अंतरे अचूक मोजली की अणूंमधील अंतर आणि बंधकोन (दोन बंधांमधील कोन) काढता येतात. हर्ट्झबर्ग यांचे सारे आयुष्य हे वाचन करण्यात गेले.

१९२८ मध्ये रामन परिणामाचा (रेणूंवरून विखुरलेल्या प्रकाशाची तरंगलांबी बदलण्याचा) शोध लागला आणि पुढच्याच वर्षी फ्रांको राझेत्ती यांनी नायट्रोजन वायूचा रामन वर्णपट मिळवला. त्यात एकाआड एक रेषा ठळक आणि फिकट होत्या. गटिंगेन येथे वाल्टर हाइटलर आणि हर्ट्झबर्ग यांनी दाखवले, की ठळक-फिकटपणाचा हा क्रम नायट्रोजनच्या अणुकेंद्राला बोस सांख्यिकी (सम संख्येने असे कण असलेल्या केंद्रांना लागू होणारे पुंजयामिकीचे नियम) लागू होत असेल तरच जुळतो. त्या वेळच्या कल्पनेनुसार या केंद्रात १४ प्रोटॉन आणि ७ इलेक्ट्रॉन, म्हणजे २१ कण होते. विषम संख्येला बोस सांख्यिकी लागू होत नाही. केंद्रात इलेक्ट्रॉन असतात ही समजूत त्यामुळे डळमळली. ७ प्रोटॉन आणि ७ न्यूट्रॉन धरले की संख्या सम होते, पण न्यूट्रॉन सापडला तो १९३२ मध्ये. छायाचित्रातल्या रेषांच्या गडदपणावरून अणुकेंद्राबद्दल इतके सांगता येणे विलक्षणच.

पत्नी लुईझ या स्वतः वर्णपटतज्ज्ञ आणि ज्यू. नाझी राजवटीमुळे १९३५ मध्ये दोघांनी जर्मनी सोडून कॅनडातील सॅस्काटून गाठले. तेथे १९४१ मध्ये अॅलेक्स डग्लस यांच्यासह त्यांनी आंतरतारकीय वायूतील काही अनोळखी रेषा प्रयोगशाळेत मिळवून त्या CH⁺ या आयनाच्या असल्याचे सिद्ध केले. अमेरिकेतील यर्कीझ वेधशाळेतील तीन वर्षांनंतर १९४८ पासून ओटावाची नॅशनल रिसर्च कौन्सिल हीच त्यांची कर्मभूमी झाली.

मिथिलीन (CH₂) या मूलकाचा पाठलाग हा या संशोधनाचा सर्वांत वाचनीय भाग. धूमकेतूंच्या प्रकाशात ४०५० अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचे एकक, मीटरचा एक हजार कोटीवा भाग) जवळ दिसणारा पट्टा १९४२ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत मिळवला आणि तो CH₂ चा मानला. पुढे हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम (हायड्रोजनचे जड रूप) घालूनही रेषा जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे त्यात हायड्रोजन नव्हताच. कार्बन-१३ हे कार्बनचे जड रूप वापरून डग्लस यांनी १९५१ मध्ये तो C₃ चा ठरवला. खरा मिथिलीन हाती लागला १९५९ मध्ये. डायाझोमीथेनवर प्रकाशाचा प्रखर झोत सोडून तो फोडायचा आणि लगेच दुसऱ्या झोताने, मूलक नाहीसे होण्याआधी, शोषण वर्णपट टिपायचा, ही फ्लॅश फोटॉलिसिसची पद्धत. दूर जंबुपार भागात, १४१५ अँगस्ट्रॉमजवळ, रेषा मिळाल्या. त्यावरून रेणू सरळ रेषेत असल्याचा अर्थ लावला गेला, कारण वाकलेल्या रेणूच्या इतर उपपट्ट्या दिसत नव्हत्या. १९७० मध्ये सैद्धांतिक गणिते आणि इलेक्ट्रॉन परिवलन संस्पंदन (चुंबकीय क्षेत्रात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन टिपण्याची पद्धत) या दोन्हींनी रेणू वाकलेला असल्याचे सांगितले. हर्ट्झबर्ग आणि जॉन्स यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. वरच्या अवस्थेत रेणू झटकन फुटत असल्याने त्या उपपट्ट्या पुसट होतात, हे गृहीत धरताच कोन सुमारे १३६ अंश निघाला.

‘मॉलेक्युलर स्पेक्ट्रा अँड मॉलेक्युलर स्ट्रक्चर’ या ग्रंथमालेचे त्यांचे तीन खंड १९३९ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झाले. १९७९ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, H₃⁺ चा वर्णपट शोधताना त्यांना उदासीन H₃ रेणूचा वर्णपट सापडला.