सागवान आणि सागावरचा पतंग

सागवान (टेक्टोना ग्रँडिस) आणि त्याची कोवळी पानं फस्त करणारा पतंग हायब्लिया प्युएरा, ह्या दोघांची तुलना करायची तर आधी वयाचीच करावी लागते, कारण साग लाकडासाठी तोडायचा म्हणजे निदान 50-60 वर्षं थांबा आणि पतंगाचं अंड्यापासून पंखांपर्यंत सगळं तीन-चार आठवड्यांत उरकतं. इंदूरकरांना साग बघायला लांब जायला नको, राळामंडळला आहे (हो, होळकरांची शिकारगाह असलेली तीच टेकडी).

पान हातभर लांब, कोवळं चुरडलं की बोटं लाल होतात. पावसाच्या तोंडावर पालवी फुटली की मादी तिच्यावरच अंडी घालते, अळी पानाची कड कापून दुमडते, धाग्यानं शिवून आत बसते आणि तिथूनच खात सुटते, मोठ्या शिरा तेवढ्या उरतात. पोट भरलं की धाग्याला लोंबकळत खाली उतरायचं आणि पाचोळ्यात कोष करायचा. पतंग बसलेला असला तर वाळकं पानच वाटतो, मागचे काळे पंख आणि त्यावरचे केशरी-पिवळे ठिपके उडाल्याशिवाय दिसत नाहीत.

आता घोळ इथे होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात जंगलातला साग तपकिरी दिसला की लोक म्हणतात झाडं वाळली, पानगळ लवकर आली, पण ते बरेचदा युटेक्टोना मॅकेरॅलिस नावाच्या दुसऱ्याच पतंगाचं काम असतं. तो जून पानं धरतो, हिरवा भाग खरवडून खातो आणि बारीक शिरांसकट अख्खी जाळी झाडावरच ठेवतो. दोघांना सरसकट ‘सागावरची अळी’ म्हणणं चूकच.

झाड मरत नाही बरं का, पुन्हा पालवी फोडतं. पण साठवलेलं अन्न पानांतच खर्च झाल्यावर खोड कशानं भरणार? केरळात निलांबूरला, जिथे 1840 च्या दशकापासून सागाची लागवड आहे, तिथल्या कोवळ्या झाडांवर अभ्यास झाला तेव्हा पहिल्या पतंगामुळे लाकडाची शक्य असलेली सुमारे 44 टक्के वाढ बुडते असं दिसलं. आणि गंमत म्हणजे ह्याच झाडाच्या पक्क्या लाकडाला वाळवीसुद्धा सहजी लागत नाही!

हायब्लियाच्या अळीलाही रोग आहेच, एक विषाणू. त्यानं मेलेली अळी फुटते, आतला ऐवज खालच्या पानांवर सांडतो आणि तो खाऊन पुढच्या अळ्या मरतात, म्हणून हाच विषाणू फवारून बघितलाय.