प्रकाश-नियंत्रित हायड्रोजेल : कर्करोगावरील औषधवहन

बहुवारिकांच्या (पॉलिमरच्या) लांब साखळ्या एकमेकींशी जोडल्या जाऊन तयार झालेल्या, पाण्यात न विरघळता भरपूर पाणी धरून ठेवणाऱ्या मऊ जाळीला हायड्रोजेल म्हणतात. अशा जाळीत कर्करोगावरील औषध साठवून ती गाठीत किंवा गाठीच्या शेजारी सुईने सोडायची आणि नंतर ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश टाकून हव्या त्या वेळी, हव्या त्या प्रमाणात औषध तेथेच मोकळे करायचे, अशी ही पद्धती आहे.

तिची गरज केमोथेरपीच्या मर्यादेतून निर्माण झाली. शिरेवाटे दिलेले औषध रक्ताबरोबर सर्व शरीरात फिरते, त्यामुळे गाठीपर्यंत त्याचा थोडाच अंश पोहोचतो आणि अस्थिमज्जा, केसांची मुळे व आतड्याचे अस्तर यांना मात्र त्याचा मार बसतो. डॉक्सोरुबिसिनसारख्या प्रभावी औषधाची एकूण मात्रा तर हृदयाला होणाऱ्या इजेमुळे मर्यादित ठेवावी लागते. औषध जागेवरच ठेवण्याचा विचार यातूनच पुढे आला. मेंदूतील गाठ काढल्यावर त्या पोकळीत ठेवायच्या, कारमुस्टीन हे कर्करोगावरील औषध असलेल्या बहुवारिकाच्या चकतीला अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मात्र चकती एकदा ठेवली की औषध तिच्या स्वतःच्या गतीने झिरपत राहते आणि डॉक्टरला ते थांबवता किंवा वाढवता येत नाही. प्रकाशाने नेमके हेच नियंत्रण हाती येऊ शकते, कारण तो क्षणात सुरू किंवा बंद करता येतो आणि त्याचा झोत एका लहान जागेपुरता मर्यादित ठेवता येतो.

वैद्यकीय वापराचे हायड्रोजेल प्रथम प्रागमधील ओटो विखटर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० मध्ये जगापुढे मांडले. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स त्यातूनच आल्या. प्रकाशाचा संबंध त्यानंतर आला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील अत्सुशी सुझुकी व तोयोइची तानाका यांनी १९९० मध्ये हरितद्रव्यापासून बनवलेला तांबेयुक्त रंग एका उष्णतासंवेदी जेलमध्ये गुंफला आणि दृश्य प्रकाश पडताच ते जेल आकसते, असे दाखवून दिले. हे जेल पॉली-एन-आयसोप्रोपिल-ॲक्रिलामाइडचे होते. या बहुवारिकाच्या साखळ्या सुमारे ३२° से. तापमानाखाली पाणी धरून फुगतात आणि त्यावर गेल्यास पाणी टाकून देतात. शरीराचे तापमान त्याहून जास्त असल्याने औषधवहनासाठी हा उंबरठा वर न्यावा लागतो. राइस विद्यापीठातील जेनिफर वेस्ट आणि नाओमी हॅलस यांच्या गटाने २००० मध्ये ॲक्रिलामाइड मिसळून तो सुमारे ४०° से.पर्यंत नेला आणि जेलमध्ये सोन्याच्या कवचाचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) घातले. लेसरच्या प्रकाशाने हे कण तापत, जेल आकसे आणि ओला स्पंज दाबावा तसे त्यातील द्रव्य बाहेर पिळले जाई.

प्रकाशाचे उष्णतेत रूपांतर करणारा हा मार्ग आज सर्वाधिक अभ्यासला जातो. सोन्याचे नॅनोदंड, पॉलिडोपामिन हे गडद रंगाचे बहुवारिक, तसेच १९५९ पासून वैद्यकीय वापरात असलेला इंडोसायनिन ग्रीन हा रंग त्यासाठी वापरतात. चीनमधील शेन्झेन येथील संशोधकांनी २०१८ मध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या ॲगारोज या समुद्रशेवाळातून मिळणाऱ्या जेलमध्ये काळ्या फॉस्फरसच्या अतिपातळ पापुद्र्या घालून डॉक्सोरुबिसिन सोडले. काळा फॉस्फरस शरीरात हळूहळू विघटित होऊन फॉस्फेट होतो, ही त्याची जमेची बाजू आहे.

दुसऱ्या मार्गात प्रकाश थेट रासायनिक बंध तोडतो. कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्टी ॲन्सेथ यांच्या गटाने २००९ मध्ये ऑर्थो-नायट्रोबेंझिल हा प्रकाशाने तुटणारा रासायनिक गट जोडून प्रकाशात विरघळणारी जाळी तयार केली. तिसऱ्या मार्गात प्रकाशसंवेदी रंग ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप निर्माण करतो, ते पेशींना मारते आणि जेलमधील थायोकेटालसारखे, अशा ऑक्सिजनला संवेदनशील असलेले बंधही तोडते. गाठीच्या आतील भागात मुळातच ऑक्सिजन कमी असल्याने हा मार्ग तेथे अडखळतो.

तथापि या क्षेत्राचे भवितव्य जेलपेक्षा प्रकाशाच्या निवडीवर अधिक अवलंबून आहे. बंध तोडण्यास सोयीचा असलेला ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश त्वचेत मिलिमीटरभरही नीट शिरत नाही आणि पेशींच्या डीएनएलाही इजा करू शकतो. दृश्य प्रकाश हिमोग्लोबिन व मेलॅनिन शोषून घेतात, तर अधिक लांब अवरक्त लहरी पाणी शोषते. मधली साधारण ६५० ते ९५० नॅनोमीटरची खिडकीच उपयोगी पडते. तिच्यातूनही उपयुक्त तीव्रतेचा प्रकाश सेंटिमीटरभर किंवा थोडा अधिकच खोल जातो. या खिडकीजवळील ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून जेलच्या आतच अतिनील प्रकाश देणारे दुर्मिळ मृदा धातूंचे कण कॅनडातील संशोधकांनी २०१२ मध्ये वापरले. कल्पना सुंदर आहे, पण अशा कणांची कार्यक्षमता कमी असल्याने तीव्र लेसर लागतो.

तीव्रतेचा हा प्रश्न गंभीर आहे. ८०८ नॅनोमीटरच्या लेसरसाठी त्वचेची सुरक्षित मर्यादा अमेरिकी मानकानुसार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३३ वॅट आहे. उंदरांवरील अनेक प्रयोगांत मात्र १ वॅट किंवा त्याहून अधिक तीव्रता वापरलेली आढळते. शिवाय उंदराची गाठ बहुधा कातडीच्या लगेच खाली वाढवलेली असते. तिच्यावर मिळालेले यश माणसाच्या यकृतातील किंवा स्वादुपिंडातील गाठीला जसेच्या तसे लावणे योग्य नाही.

म्हणून जेथे प्रकाश सहज पोहोचतो त्या जागांचा विचार आधी व्हायला हवा. त्वचा, तोंड, दुर्बिणीतून दिसणारी अन्ननलिका व मूत्राशय आणि शस्त्रक्रियेनंतर उघडी असलेली पोकळी या त्या जागा होत. तंबाखूमुळे भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्यामुळे आपल्याकडे या दिशेला विशेष महत्त्व आहे. मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र यांतील संशोधकांनी २०१५ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेले, शरीरात विघटन पावणारे लायपोसोम (मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्या) उंदरांतील गाठींवर वापरले. ते हायड्रोजेल नव्हते, पण प्रकाशाने तापणारा घटक काम झाल्यावर शरीराबाहेर कसा जावा, हा प्रश्न दोन्हींकडे सारखाच आहे.

प्रकाश-नियंत्रित जेलचे काम अजून मुख्यत्वे परीक्षानळी व प्राण्यांवरच चालू आहे. मूत्रमार्गाच्या वरच्या भागातील सौम्य प्रतीच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०२० मध्ये मान्य झालेले मायटोमायसिनयुक्त जेल थंड असताना द्रव असते आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होते; त्यात प्रकाशाचा भाग नाही. प्रकाश-नियंत्रित जेलला रुग्णालयात प्रवेश मिळण्यापूर्वी औषध, जेल, नॅनोकण आणि लेसर या चौघांची सुरक्षितता एकत्रितपणे सिद्ध करावी लागेल. अंधारात औषध गळत नाही आणि प्रत्येक झोतागणिक ठरलेलीच मात्रा सुटते, हेही दाखवावे लागेल.