ऑटिझमच्या मेळाव्यात पालक एकमेकांना नेमकं काय देतात?

२ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, मेंदूच्या जडणघडणीतला असा वेगळेपणा, ज्यात बोलणं, वागणं, इतरांशी संवाद वेगळ्या तऱ्हेने होतो. संयुक्त राष्ट्रांनी २००७च्या डिसेंबरात ठराव केला आणि २००८पासून तो पाळला जातो. पुण्यात त्याच्या आगेमागे कोथरूड, नवी पेठ, औंध अशा भागांत सभागृहं घेतली जातात, निळे फुगे लागतात, दीपप्रज्वलन होतं, पाहुणे बोलतात. अशा कार्यक्रमांना मी अधूनमधून जाते. व्यासपीठावरची भाषणं हा त्यातला सगळ्यात कमी कामाचा भाग, असं माझं आता मत झालंय. खरी देवाणघेवाण सुरू होते ती चहा आल्यावर. एक आई दुसरीला विचारते, "तुमचा केवढा आहे?" उत्तर येतं, "अकरा पूर्ण. बोलत नाही अजून." त्यावर पहिली "अगंबाई" म्हणत नाही. "बोलेल हो, आमच्या चुलत जावेचा मुलगाही उशिराच बोलला," हेही म्हणत नाही. ती विचारते, "मग जेवायला काय काय चालतं त्याला?"

एवढ्याशा विचारपुशीने काय होणार, असं वाटू शकतं. पण पालकांच्या ताणावर गेली पंधरा-वीस वर्षं जो अभ्यास झाला आहे, तो पाहिला की असं म्हणवत नाही.

कॉर्टिसॉल हे आपल्या शरीरातलं ताणाशी निगडित संप्रेरक. सकाळी उठल्यावर ते झपाट्याने वाढतं आणि रात्रीपर्यंत हळूहळू उतरत जातं. परीक्षा, अपघात, भांडण अशा प्रसंगी ते उसळतं. ताण मात्र वर्षानुवर्षं चालू राहिला, तर ही यंत्रणा मंदावू शकते आणि दिवसभराची पातळी खालीच राहू शकते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मार्शा सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये ऑटिझम असलेल्या किशोरवयीन आणि प्रौढ मुलांच्या आयांच्या लाळेचे नमुने तपासले, तेव्हा त्यांना हेच दिसलं. असा दबलेला आलेख त्याआधी युद्धावरून परतलेल्या सैनिकांत आढळला होता. या आयांचा देखभालीत जाणारा वेळ इतर आयांपेक्षा रोज किमान दोन तास जास्त होता. पण त्याच अभ्यासमालेतली दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. रोजच्या दिवसातले आनंदाचे क्षण या आयांनी इतर आयांइतकेच नोंदवले होते. म्हणजे त्यांचं आयुष्य रडगाणं नव्हतं, तरी शरीर थकलेलं होतं.

मग हा थकवा उतरवता येतो का? व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एलिझाबेथ डायकेन्स यांनी २०१४मध्ये एक नियंत्रित चाचणी प्रसिद्ध केली. ऑटिझम किंवा इतर विकासात्मक अपंगत्व असलेल्या मुलांच्या २४३ आया त्यात होत्या. सुरुवातीला त्यांतल्या ८५ टक्के आयांचा ताण वाढलेला होता आणि ४८ टक्के आयांमध्ये नैराश्याची लक्षणं उपचार लागण्याइतकी होती. त्यांचे दोन गट केले. एकाला सजगतेचे, श्वासाचे व्यायाम शिकवले. दुसऱ्याला अपराधभाव, काळजी यांच्याकडे पाहण्याचे वेगळे मार्ग. आठवड्याला दीड तास, असे सहा आठवडे. दोन्ही गटांतल्या आयांचा ताण आणि नैराश्य कमी झालं, व्यायामाच्या गटात जरा जास्त. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की शिकवणाऱ्या कुणी मानसोपचारतज्ज्ञ नव्हत्या. त्याही अशाच मुलांच्या आया होत्या. त्यांना आधी नीट प्रशिक्षण दिलं होतं, त्यांच्यावर देखरेख होती, पण गट चालवला त्यांनीच.

अपराधभाव हा शब्द इथे उगीच आलेला नाही. तो विज्ञानानेच पालकांच्या पदरात घातला होता. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३मध्ये ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमला वैद्यकाच्या नकाशावर आणलं, पण त्याबरोबर त्यांच्या आईवडिलांच्या थंडपणाबद्दलही लिहून ठेवलं. पुढे ब्रुनो बेटलहाइम यांच्यासारख्यांनी त्याचा सिद्धांतच केला: आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं. हा सिद्धांत मोडायला पुढे आले तेही पालकच. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि एका ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे, असं त्यांनी १९६४मध्ये पुराव्यानिशी मांडलं आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतली पालकांची संघटना उभी केली. लंडनमध्ये १९६२ साली काही पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली. त्यांत लॉर्ना विंग होत्या, ज्यांच्या संशोधनामुळे आज आपण ऑटिझमकडे एका विस्तृत वर्णपटासारखं पाहतो. त्याही एका ऑटिस्टिक मुलीच्या आई. खुद्द कॅनर १९६९मध्ये त्या अमेरिकी संघटनेच्या वार्षिक सभेत गेले आणि जमलेल्या आईबापांना, तुम्हाला मी दोषमुक्त करतो, अशा अर्थाचं बोलले. १९७७मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता. भिन्न जुळ्यांच्या दहापैकी एकाही जोडीत नव्हता. आनुवंशिकतेचा धागा तिथून हाती लागला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत तिचा वाटा सुमारे ८० टक्के निघतो. एखाददुसऱ्या नव्हे, शेकडो जनुकांचा त्यात हात आहे.

हे सगळं छापून आलं, तरी "गरोदरपणी तू फार मोबाइल पाहायचीस" असं सुनेला ऐकवणारी घरं सदाशिव पेठेतही आहेत आणि बाणेरच्या टॉवरमध्येही. शास्त्रज्ञाने सांगितलेलं तिथे पोचत नाही. तिच्यासारखीच दुसरी, "मलाही हेच ऐकवलं होतं" म्हणते, ते पोचतं.

चहाबरोबर दुसरी जी गोष्ट हातोहात जाते ती म्हणजे युक्त्या. एका मेळाव्यात विषय निघाला केस कापण्याचा. ज्यांच्या घरी हा प्रश्न नाही त्यांना हसू येईल, पण तिथे सहा-सात डोकी लगेच जवळ सरकली. एका आईने पर्समधून लॅमिनेट केलेली पट्टी काढली. तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेले पाच फोटो होते: दुकानाचा बोर्ड, फिरती खुर्ची, अंगावर टाकायचं कापड, कात्री आणि शेवटी क्रीम रोल. एकेक टप्पा झाला की मुलगा तो फोटो उपटून पट्टीच्या मागे लावतो. "रविवारी न्यायचंच नाही. मंगळवारी दुपारी दुकान रिकामं असतं. मशीन लावू द्यायचं नाही, नुसती कात्री. आणि आधी दोनदा नुसतं दारापर्यंत नेऊन परत आणायचं," ती सांगत होती. ऐकणाऱ्यांपैकी एका वडिलांनी पट्टीचा फोटो काढून घेतला.

या युक्तीमागे चांगलं विज्ञान आहे. ऑटिझम असलेल्या अनेकांना आवाज, स्पर्श, प्रकाश फार तीव्र जाणवतात, काहींना उलट फारच कमी. निदानाच्या निकषांत या गोष्टीला २०१३ साली जागा मिळाली. पालक मात्र कितीतरी आधीपासून हे सांगत होते. अमेरिकेतल्या एमआयटीतले पवन सिन्हा यांनी २०१४मध्ये एक गृहीतक मांडलं. आपला मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो, म्हणून ओळखीच्या गोष्टींनी आपण दचकत नाही. ऑटिझममध्ये ही अंदाज बांधण्याची क्रियाच कच्ची राहत असावी, त्यामुळे दर वेळची कात्री पहिल्यांदाच आल्यासारखी वाटत असावी. ही एक मांडणी आहे, सगळा ऑटिझम तिच्यात बसत नाही. पण फोटोंची पट्टी का चालते, हे तिच्यावरून छान कळतं. पुढे काय होणार ते पट्टी आधीच सांगून टाकते.

पुण्यात हा विषय गणपतीवर आल्याशिवाय राहत नाही. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर सीओईपी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे विद्यार्थी आवाज मोजतात. करोनाची वर्षं सोडली, तर आकडा शंभर डेसिबलच्या आसपास घुटमळतो. धडधाकट कानालाही तो सोसत नाही. मेळाव्यातलं शहाणपण असं: ढोलपथकांचा सराव सुरू व्हायच्या आधीच कानांवर घालायचे मफ घरात वापरून सवय करायची, आणि अनंत चतुर्दशीला शक्य असेल तर सरळ गाव गाठायचं.

तज्ज्ञ कमी आणि मुलं जास्त, अशा आपल्या देशात पालकांनाच हाताशी धरावं लागणार, हे संशोधनातही मान्य झालंय. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ मुलांवर झालेली एक चाचणी २०१६मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी आईबापांना त्यांच्याच मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ दाखवला: इथे तो तुमच्याकडे वळला, इथे तुम्ही थांबलात, हे चांगलं झालं. अशा बैठका सहा महिने चालल्या. पालक मुलाच्या कलाने जास्त घेऊ लागले आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली.

आता दुसरी बाजू. चहाच्या त्याच टेबलावर "अमुक ठिकाणी स्टेम सेल करून आलो, बराच फरक आहे" हेही ऐकू येतं. ज्या विश्वासाने केस कापायची युक्ती घेतली जाते, त्याच विश्वासाने हेही घेतलं जातं, आणि त्यापायी दागिने मोडले जातात. ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये स्पष्ट केलंय. लसीमुळे ऑटिझम होतो, हे भूतही असंच. ते उठवणारा १९९८चा मूळ निबंध १२ मुलांवर बेतलेला होता, २०१०मध्ये तो मागे घेतला गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा माग काढून २०१९मध्ये आलेल्या अभ्यासात गोवरप्रतिबंधक एमएमआर लसीचा आणि ऑटिझमचा काहीही संबंध दिसला नाही. म्हणून गटात एक तरी जाणकार हवा, जो ठाम "नाही" म्हणेल आणि तरीही विचारणाऱ्याला ओशाळं करणार नाही. डायकेन्स यांच्या आयांना प्रशिक्षण का दिलं होतं, ते इथे उमजतं.

आणखी एक खटकणारी गोष्ट. मूल शेजारी बसलेलं असताना "हा रात्री झोपूच देत नाही" वगैरे त्याच्यादेखत सांगितलं जातं. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नव्हे. ऑटिस्टिक प्रौढांना अशा मेळाव्यांत बोलवायला हवं, तेही सत्काराला नव्हे, शिकवायला. २०२०मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन यांनी ७२ प्रौढांवर कानगोष्टींसारखा प्रयोग केला. ऑटिस्टिक माणसांची रांग आणि इतरांची रांग, दोन्हींत गोष्ट सारखीच शाबूत पोचली. मिश्र रांगेत ती जास्त गळाली. अडचण एकाच बाजूची नाही, हे त्यातून दिसतं.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, पण मेळाव्यातून घरी नेण्यासारखा. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझम नव्हता, २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत तो आहे. प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. पुण्यात त्यासाठी ससून किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय. 'निरामय' ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तीत नियमित थेरपीचाही समावेश होतो. मूल १८ वर्षांचं झालं की आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे वडील हे ऐकून चपापतात.

आणि मुळात या मेळाव्यांना येतं कोण? कामाच्या दिवशी सकाळी ठेवला तर आयाच येतात. मुंढव्याच्या चाळीतली आई तेव्हाही येत नाही, कारण तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पेनसिल्व्हेनियातल्या १,००५ पालकांच्या २००७मधल्या पाहणीत हेच आढळलं होतं: ज्यांना निदान करणाऱ्या डॉक्टरांनी आधारगटाकडे पाठवलं होतं, ते पालक गटात जाण्याची शक्यता जास्त. निदानाच्या दिवशी स्पीच थेरपिस्टचा नंबर कागदावर लिहून मिळतोच. त्याच कागदावर, आधी विचारून, एखाद्या अनुभवी आईचा किंवा वडिलांचा नंबर लिहायला डॉक्टरांना अर्धं मिनिटही लागणार नाही.