निवृत्तिनाथांचा अनुग्रह

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना तेराव्या शतकात दिलेली दीक्षा. नाथपंथाची योगविद्या वारकरी भक्तीला येऊन मिळाली ती या दीक्षेतून.

निवृत्तिनाथांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात परतले, म्हणून समाजाने त्यांच्या कुटुंबाला वाळीत टाकले. मुलांच्या मुंजीही अडल्या. परंपरागत चरित्रांनुसार ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालताना वाटेत वाघ आला, पळापळीत थोरला निवृत्ती चुकला आणि गहिनीनाथांच्या गुहेत शिरला. वाघाची ही हकिकत आख्यायिका मानावी. गुरुपरंपरेची नोंद मात्र ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात खुद्द ज्ञानेश्वरांची आहे: आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती.

तिथेच गहिनीनाथांची आज्ञाही सांगितली आहे. शंकरापासून चालत आलेला हा बोध घेऊन, कळिकाळ ज्यांना गिळतो आहे त्या जीवांच्या मदतीला लवकर धाव, असा तिचा आशय. अनुग्रहाचे खरे महत्त्व या आज्ञेत आहे. योगाचे गुह्य गुरूने अधिकारी शिष्यापुरते राखायचे, ही जुनी रीत. गहिनीनाथांनी ते लोकांसाठी मागितले. शिवाय निवृत्तिनाथांच्या अभंगांत या नाथगुरूच्या कृपेसोबत कृष्णनाम येते. शैव योग्याच्या हातून वैष्णव नाम मिळाले, आणि जुने टाकून न देता त्यातूनच नवे घडले. निवृत्तिनाथांनी धाकट्या भावाला, ज्ञानेश्वरांना, शिष्य केले. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी ही गीतेवरची सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका, म्हणजे अर्थविवरण, सांगितली. तिच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे, म्हणजे योगाने जागी होणाऱ्या देहातील शक्तीचे, सविस्तर वर्णन आहे, तेही बाजारहाटाला येणाऱ्या माणसाच्या मराठीत. वाळीत टाकलेल्या घरातल्या मुलांनी समाजाला दिलेले हे उत्तर मराठी मनाला आजही अभिमान वाटावा असेच आहे.

निवृत्तिनाथांनी १२९७ मध्ये त्र्यंबकेश्वरी समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला तिथे मोठी यात्रा भरते आणि गावोगावच्या दिंड्या पायी येतात. चैत्र वद्य एकादशीला उटीची वारी असते. उन्हाळ्यात समाधीला चंदनाची उटी लावतात. आषाढीसाठी निवृत्तिनाथांची पालखी नाशिक, सिन्नरमार्गे पंढरपूरला जाते.

नामदेव शिंपी, गोरा कुंभार, सावता माळी, जनाबाई अशा संतांनी हा प्रवाह घराघरांत नेला. तरी त्याची सामाजिक मर्यादा झाकून चालणार नाही. अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या चोखामेळ्याचे अभंग लोकांनी गायले, पण देवळाचे दार त्याला बंदच राहिले. सहा शतकांनंतर नाशिकमध्येच, पंचवटीतील काळाराम मंदिरासमोर, हा प्रश्न उघडपणे उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून सत्याग्रहींवर दगडफेक झाली, पुढेही लढा काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. मूर्तीच्या दर्शनापेक्षा आपल्या समाजाला जागे करणे हा आंबेडकरांचा मुख्य हेतू होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातीलच येवला येथे त्यांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला.