कार्यसमाधान

कार्यसमाधान म्हणजे करतो त्या कामातून मिळणारं सुख, आणि तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत ते टिकतं कसं हा प्रश्न. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं याला सरळ कामात मन लागणं म्हणतात.

या भागातली जुनी मांडणी बाराव्या शतकातल्या शरणांची (बसवेश्वरांभोवतीच्या शिवभक्तांची), 'कायकवे कैलास', म्हणजे काम हाच कैलास. मराठी घरांतही हे वाक्य बसवेश्वरांचंच म्हणून सांगतात, पण नेमके शब्द सापडतात ते आयदक्की मारय्या या शरणांच्या वचनात, म्हणजे छोट्या कन्नड भक्तिरचनेत. मारय्या कल्याणात (आजच्या बसवकल्याणात) सांडलेले तांदूळ वेचून पोट भरायचे, आणि एकदा त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले तर बायको लक्कम्मानं ते परत टाकून यायला लावले अशी कथा आहे, तिची स्वतःची वचनंही आहेत. वचनांचे मोठे संग्रह बऱ्याच नंतर, पंधराव्या शतकाच्या सुमारास जुळवले गेले, त्यामुळं कोणती ओळ कुणाची हे जपूनच बोलावं लागतं, तरी विचार बसवेश्वरांभोवतीच्या सगळ्या शरणांचा आणि शब्द मारय्यांचे हे मत जास्त पटतं. वचनांचे अभ्यासक फ. गु. हळकट्टींनी 1923 मध्ये वचनांचं संकलन काढलं ते बेळगावातच छापून. वारकऱ्यांत सावता माळ्यांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला तीही याच वळणाची भूमिका, मात्र एकीतून दुसरी निघाली असं ठरवून टाकणं घाईचं होईल. लक्कम्माचा मुद्दा मात्र बहुतेक नोंदींत गळतो आणि तोच मोलाचा आहे: गरजेपुरतं मिळालं की पुढची हाव कामातलं मन खाते.

आधुनिक अभ्यास अमेरिकेत सुरू झाला. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले कामगारांवरचे प्रयोग 1924 ते 1932 चे, त्यांच्या निष्कर्षांवर अजून वाद आहे. हॉपॉक या अमेरिकन संशोधकानं 1935 मध्ये एका छोट्या गावातल्या कामगारांना विचारून पाहणी केली. हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1959 मध्ये मांडलं की पगार, साहेब, कामाची जागा नीट नसली तर माणूस वैतागतो, पण ती नीट असली म्हणून खूष होतोच असं नाही, खुषी येते ती काम जमल्याच्या आणि कुणीतरी ते ओळखल्याच्या भावनेतून. त्यानं विचारलं होतं इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना, शिवाय चांगलं झालं की श्रेय स्वतःला आणि वाईट झालं की दोष परिस्थितीला ही सवय सगळ्यांचीच, म्हणून वैताग आणि खुषी यांच्या कारणांची त्याची वाटणी जशीच्या तशी घेता येत नाही. वयाबद्दल 1996 चा ब्रिटिश अभ्यास सांगतो की समाधान सुरुवातीला बरं, तिशीत खाली, नंतर परत वर.

बेळगावातल्या उद्यमबागच्या फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) साचा भरणाऱ्याला कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, निर्दोष निघालेलं स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, वडगाव-शहापूरच्या विणकराला साडी पुरी झालेली दिसते, आणि ही मोठी जमेची बाजू. निपाणीच्या बिडी कामगार बायकांची मजुरी मात्र हजार बिड्यांच्या हिशोबानं, त्यातून खराब ठरलेल्या वजा, तिथं समाधानाच्या आधी दर आणि पीएफचा प्रश्न येतो.